पंप सहा ते आठ

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढून साहेब निवृत्त झाले, तेव्हा गावानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पोटभर आंघोळ केली. साहेबांच्या राज्यात नळाला पाणी सकाळी सहा ते आठ. ऊन असो, घरात लग्न असो, शेजारच्या घराला आग लागलेली असो, सहा ते आठ. लोक त्यांना ‘तासवाले साहेब’ म्हणायचे. ही शिवी आहे हे साहेबांना कोणी सांगितलं नाही, त्यामुळे ते ती पदवी मानून बसले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे नातीसाठी स्विमिंग पूल बांधला. जग त्याला पूल म्हणे, साहेब टाकी म्हणत. टाकीत अठ्ठेचाळीस हजार लिटर पाणी. फिल्टरचा पंप रोज किती वेळ चालवायचा, हा प्रश्न सामान्य माणसांना पडतो. साहेबांना पडला नाही. पंपावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ताशी चोवीस हजार लिटर. साहेबांनी तोंडी भागाकार केला. दोन तास. म्हणजे सकाळी सहा ते आठ! निसर्गालासुद्धा खात्याचं वेळापत्रक मान्य आहे हे पाहून त्यांचा ऊर भरून आला.

मागच्या सुट्टीत नात त्या पाण्यात चार दिवस मनसोक्त डुंबली. पाचव्या दिवशी तिचे दोन्ही कान सुजले आणि मुलगी तिला घेऊन तडक परत निघाली. तेव्हा दारात उभं राहून साहेबांनी तांत्रिक अभिप्राय दिला होता, “पाण्यात दोष नाही. पोरीचे कान नाजूक आहेत.” त्यावर मुलगी काही बोलली नाही. पुढे वर्षभरही बोलली नाही. फोन यायचा तो आईला, आणि साहेबांच्या वाट्याला ‘बरे आहात ना?’ आणि ‘बरा आहे’ एवढा ठरावीक पुरवठा.

यंदा आईनं मनधरणी केल्यावर मुलगी कशीबशी तयार झाली होती, पण एका अटीवर. शुक्रवारी संध्याकाळी पूलचा फोटो पाठवायचा. तळाची पाणी ओढून घेणारी जाळी स्पष्ट दिसली तर शनिवारी निघू, नाहीतर पोरगी सुट्टीभर शिबिराला जाईल. आणि आज बुधवार उजाडला तरी तळाची जाळी सोडाच, पूलची दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती.

बायकोनं पूल साफ करणाऱ्याला बोलावलं. लोकांनी दिलेला सल्ला साहेब सहन करत, पण फक्त तोंडदेखला. पूलवाल्यानं काठावर उकिडवं बसून पाण्यात हात घातला आणि निरखून पाहिला.

“साहेब, पंप किती तास चालतो?”

“दोन.”

“दिवसाला?”

“मग काय जन्माला?”

“या उन्हात आठ तास तरी पाहिजे. दिवसातून एकदा तरी सगळं पाणी फिल्टरमधून फिरलं पाहिजे.”

“फिरतं. पाटी वाचता येते ना?”

“पाटी नव्या पंपाची असते, साहेब. तुमच्या फिल्टरमधली वाळू मळलीय, पाइपाला चार वळणं आहेत...”

“मला पाइप शिकवतोस?”

पूलवाल्यानं ओला हात झटकला. त्याचं बालपण सहा ते आठमध्येच गेलं होतं, त्यामुळे साहेबांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी हे त्याला पाठ होतं. त्यानं औषध टाकलं, पाणी हललं नाही तर औषध कोपऱ्यात बसून राहील एवढं सांगितलं आणि तो गेला. औषध गुरुवार सकाळपर्यंत आज्ञाधारकपणे कोपऱ्यात बसून राहिलं.

गुरुवारी सातच्या सुमाराला बायको बादली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन मागे आली. गाळलेलं पाणी भिंतीतल्या एका तोटीतून पूलमध्ये पडायचं. तिनं बादली तोटीखाली धरली आणि घड्याळ साहेबांच्या हातात दिलं.

“मोजा.”

“कशाला? पाटीवर...”

“मोजा म्हटलं ना!”

बारा सेकंदांत बादली भरली. साहेबांनी पुन्हा भरायला लावली. बारा. तिसऱ्यांदाही बारा.

“बादली वीस लिटरची,” बायको म्हणाली. “म्हणजे मिनिटाला शंभर, तासाला सहा हजार. करा आता भागाकार.”

साहेबांनी केला. आठ आले. पुन्हा केला, तरी आठच आले.

“बादली चुकीची असेल,” ते म्हणाले.

“याच बादलीनं चौतीस वर्षं तुमचं पाणी भरलंय मी. ती कधी चुकली नाही. पाणी यायचं चुकलं असेल.”

आता गंमत अशी, की हाताखालच्या अभियंत्यांना साहेब पहिल्याच दिवशी बजावत, “पाटीवर विश्वास ठेवू नका, नळाखाली बादली लावा.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बादलीचं ते वाक्य त्या सकाळी त्यांना स्वतःलाच आठवलं. त्यांनी निमूटपणे फिल्टरची वाळू धुतली. आठ वाजले, तरी पंपाचं बटण बंद केलं नाही. साडेआठलाही नाही. शेजारी कुंपणावरून डोकावून गेले. तासवाल्यांच्या घरी काही अघटित तर घडलं नाही ना, अशी शंका त्यांच्या तोंडावर उघड दिसत होती.

पण वर्षभराची घाण दोन दिवसांत निघत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाण्याचा हिरवेपणा गेला होता, पण ते दुधासारखं गढूळ होतं. पायऱ्या चार दिसत होत्या, जाळी काही दिसत नव्हती.

साहेब काठावर फोन घेऊन बसले. फोनमध्ये पूल नवीन असतानाचा एक फोटो होता. निळंशार पाणी, तळाशी जाळी, जाळीचं एकेक भोक मोजून घ्यावं. त्यांचा अंगठा त्या फोटोवर येऊन थांबला. वरच्या कचेरीला असे फोटो त्यांनी काही कमी पाठवले नव्हते, आणि वरच्या कचेरीनंही कधी येऊन पाहिलं नव्हतं. पण इथे येऊन पाहणारी सात वर्षांची होती, आणि फोटो पाहून ती सरळ पाण्यात उडी मारणार होती. मागच्या वेळी ती गाडीत बसली होती, दोन्ही कानांत कापूस घालून. साहेबांनी काचेबाहेरून हाक मारली, ती तिला ऐकू गेली नव्हती. साहेबांना लाज वाटली. अगदी साधी, आतून पोळणारी लाज. निवृत्त झाल्यापासून कोणतीच गोष्ट त्यांना इतकी लागली नव्हती.

त्यांनी फोटो पुसून टाकला आणि मुलीला फोन लावला. औपचारिक बोलणं त्यांना येत नव्हतंच, त्यांनी सरळ अहवाल दिला.

“पाणी स्वच्छ झालेलं नाही. अजून तीन दिवस लागतील. मागच्या वर्षीही स्वच्छ नव्हतं. पोरीच्या कानांत काही दोष नव्हता, माझ्या हिशेबात होता. चूक माझी.”

 

“बाबा,” मुलीचा आवाज कापरा झाला होता, “आईकडे फोन द्या.”

बायकोनं फोन घेतला. मुलगी इतक्या मोठ्यानं बोलत होती की साहेबांनाही ऐकू येत होतं.

“आई, खरं सांग, बाबांना काय झालंय? चूक माझी म्हणाले! डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस दिलेत?”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. अर्ध्या चड्डीत, हातात जाळीचा झारा घेऊन ते पूलमधली पानं काढत होते. ठणठणीत. मघाशीच दोनदा वाढून घेऊन जेवले होते.

“फोनवर काय सांगू बाई,” तिनं आवाज खाली आणला. “तू पोरीला घेऊन उद्याच निघ. चांगली महिनाभर राहायच्या तयारीनं ये. आणि तिचे पोहायचे कपडे विसरू नकोस.”