सर्फराजची टुकटुक

"हा माणूस बॅट धरतो की जनाजा उचलतो, तेच मला कळत नाय." बानूबीने मोबाईल आरशासारखा तोंडासमोर धरला होता आणि अंगठा माईकवर दाबून ठेवला होता. "गेल्या शुक्रवारी बाराच्या बारा ओव्हरी खेळून काढल्यान आणि धावा किती, तर एकोणीस. सर्फराज, बाबा, आपल्या खाडीतलं कासवपण तुझ्या पुढे जाईल. आज मी सोता मैदानात येतेय. माझ्यासमोर टुकटुक करून दाखव, मग बघते."

अंगठा उचलला आणि मेसेज नेवरोलीकरांच्या ग्रुपवर गेला. कुवेतमधले, मस्कतमधले आणि खुद्द गावातले मिळून चारशेच्या वर माणसं होती त्या ग्रुपवर.

गाडी चालवणाऱ्या इक्राने नजर रस्त्यावरून हलवली नाही. "दादी, प्लीज. एवढं नको ना बोलूस त्यांना."

"का? साखरेची पुडी आहे का तो, विरघळायला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

नातीने गाडी वळणावर घेतली. कुवेतमधल्या फरवानियाच्या दुकानांची शटरं अजून खाली होती आणि शुक्रवारच्या सकाळी रस्ता मोकळा होता. बानूबीने ओढणी नीट केली. बऱ्याच दिवसांनी ती घराबाहेर पडत होती, तेही क्रिकेटसाठी, म्हणून तिने ठेवणीतला हिरवा सलवार-कमीज घातला होता. नेवरोलीच्या टीमचा रंग हिरवा.

बावीस वर्षांपूर्वी कोकणातल्या गावागावांच्या टीमा इथे उभ्या राहिल्या, तेव्हापासून बानूबी नेवरोलीची मॅच चुकवत नव्हती. तिसरीनंतर तिने पाटीला हात लावला नव्हता, पण कोणत्या साली कोणी कोणाचा कॅच सोडला ते तिला तोंडपाठ होतं. टीम तीनदा फायनलला गेली आणि तीनदा हरली. तिसऱ्या वेळी ती दोन दिवस जेवली नव्हती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. गेली दोन वर्षं ती पलंगावर बसून मोबाईलवर मॅच बघायची. लीगवाले बॉलरच्या मागे स्टँडवर एक फोन लावून ठेवत. त्यात खेळपट्टी दिसायची, दोन बॅट्समन दिसायचे आणि मागे धुळकट आभाळ.

आणि दिसायची सर्फराजची टुकटुक. सर्फराज तिच्या दिराचा मुलगा. व्हिसा तिनेच पाठवला, पहिले आठ महिने तो तिच्याच हॉलमध्ये झोपला. पाच वर्षांपूर्वी हाच सर्फराज पहिल्या बॉलपासून फिरवायचा, बॉल पार रस्त्यापलीकडे. गेल्या वर्षी कॅप्टन केला आणि त्याच्या हातातली जान गेली. टॉस जिंकला की बॅटिंग घेणार. सकाळी मॅटवर दव असतं, बॉल साप वळावा तसा वळतो, तरी बॅटिंग. आणि मग बॉलला बॅट नुसती टेकवायची. जणू ओरखडा उठेल बॉलवर.

आजची मॅच लीगमधली शेवटची. गुणांच्या यादीत नेवरोली तळाला होती आणि तळाच्या टीमचं नाव पुढच्या वर्षी निघणार होतं. आज खारवडेला हरवलं तर नाव राहणार होतं. बानूबीला वाटत होतं, आपण समोर बसलो की त्याला लाज वाटेल. लाज वाटली की हात सुटतील.

मैदान म्हणजे रिंगरोडच्या कडेचं रेताड. मधोमध चटई खिळ्यांनी ठोकलेली. इक्राने बाउंड्रीच्या चुन्याजवळ घडीची खुर्ची उघडली. बानूबी एक हात तिच्या खांद्यावर, एक काठीवर टेकत बसली. पलीकडे खारवडेवाल्यांची पंधरा-वीस माणसं, गाड्या, थर्मास, पोरंबाळं. या बाजूला हिरव्या जर्सीतली माणसं पॅड बांधत होती. तिने नजर फिरवली. मग बोटाने मोजली.

"सातच?"

इक्रा थर्मासचं झाकण फिरवत राहिली.

"इक्रा, बाकीचे चार कुठे मेले?"

"येतायत दादी. वफ्राहून."

"वफ्राहून आता येतायत? मॅच साडेसहाला."

"त्यांची नाइट असते. शेतावर रात्रभर भाजीच्या पेट्या भरतात, सहाला सुटतात. तिथून यायला तासभर लागतो." इक्राने चहाचा कप तिच्या हातात दिला. "दर फ्रायडेला असंच असतं."

मैदानात टॉस उडाला होता. खारवडेच्या कॅप्टनने नाणं उचललं, पाहिलं आणि सर्फराजच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या लांबूनही त्याचं बोलणं ऐकू आलं.

"मी जिंकलो. पण तुम्ही घ्या बॅटिंग. पोरं यायचीत ना तुमची?"

सर्फराजने मान हलवली. त्याने हसायचा प्रयत्नही केला.

बानूबीने कप ओठांशी नेला आणि तसाच खाली आणला. खारवडेवाल्यांनी केलेली मेहेरबानी तिच्या सासरच्या सात पिढ्यांत कोणी घेतली नव्हती.

"भाड्याने माणसं घ्यायची होती चार," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ठाऊक होतं की ते चालत नाही. खेळणारा गावचाच लागतो. बापाचं नाव जमातीच्या वहीत असल्याशिवाय मैदानात पाय नाही. हा कायदा करायला तिचा नवराच पुढे होता. तेव्हा फरवानियाच्या एकेका खोलीत नेवरोलीची आठ-आठ पोरं होती. आता कोणी कॅनडाला गेलं, कोणी कायमचं घरी गेलं, आणि इथे जन्मलेली पोरं फुटबॉल बघतात.

पहिल्या ओव्हरीत एक विकेट गेली, तिसरीत दुसरी. समोरच्या टोकाला सर्फराज उभा होता. पुढे पाय, बॅट सरळ, बॉल पायाशी मेला. पुढचा बॉल, पुन्हा तेच. मोबाईलमध्ये बघताना हे सगळं तिने शंभरदा पाहिलं होतं. मोबाईलमध्ये एक गोष्ट मात्र कधी दिसली नव्हती. प्रत्येक ओव्हर संपली की सर्फराज चटईच्या टोकापर्यंत चालत यायचा आणि हातमोज्याने ऊन अडवून रस्त्याकडे बघायचा.

चौथ्या ओव्हरीत तिसरी विकेट गेली.

"आता किती राहिले?" इक्राने विचारलं. तिला क्रिकेटमधलं फार कळत नव्हतं.

"सातांत तीन गेले." बानूबीचा आवाज खाली आला होता. "अजून तीन गेले की डाव खल्लास. मग चटईवर हे उतरायचे बॉलिंगला, सात माणसं घेऊन."

तिने सर्फराजकडे पाहिलं, मग तो बघत होता त्या रस्त्याकडे. मग ती इक्राकडे वळली.

"म्हणून टुकटुक करतो तो."

इक्रा रेतीत बुटाचं टोक घासत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच माहितीय, दादी."

"तुझ्या बापाला?"

"हं."

"आणि मला कोणी सांगितलं नाय."

"सर्फराजचाचांनीच सांगितलं होतं, दादीला नका सांगू."

पलीकडे तेवढ्यात कोणीतरी गाडीच्या स्पीकरला मोबाईल जोडला; नेवरोलीचे मेसेज फिरत फिरत खारवडेवाल्यांकडेही पोचायचे. आधी खरखर झाली, मग सगळ्या मैदानावर एका बाईचा खणखणीत आवाज घुमला. 'आपल्या खाडीतलं कासवपण तुझ्या पुढे जाईल.' खारवडेवाले खो-खो हसले. स्वतःचा आवाज ओळखायला बानूबीला क्षणभर लागला. तिला वाटत होतं तिचा आवाज गोड आहे.

सर्फराजने बॉल अडवला. स्पीकर पुन्हा बोलला. 'हा माणूस बॅट धरतो की जनाजा उचलतो.' एका पोराने त्यावर तालही धरला. सर्फराजने वळून पाहिलं नाही. पुढे पाय, बॅट सरळ.

"इक्रा, जा, सांग त्यांना बंद करा म्हणावं."

"काय सांगू? तुझाच आवाज आहे."

बानूबी काठीवर जोर देऊन उठायला गेली. डावा गुडघा उठला, उजवा उठला नाही. ती पुन्हा बसली. उठली असती तरी काय केलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ज्या जिभेच्या जिवावर तिने अख्खी जमात वठणीवर ठेवली, ती जीभ तिकडे स्पीकरमध्ये होती आणि इकडे तोंडात नुसती कोरडी पडली होती. तिने दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉलरच्या प्रत्येक पावलाला ती मनात म्हणू लागली, अडव बाबा. मारू नको. नुसता अडव.

आठवी ओव्हर. चौथी विकेट. नववी ओव्हर. एक धाव, तीही पायाला लागून.

दहावीच्या मध्याला रस्त्यावरून एक पांढरी पिकअप रेतीत उतरली. धुळीतून चार जण उड्या टाकून पळत आले. सगळ्यांत पुढे फारूक होता, नेवरोलीतल्या मोहल्ल्यातला, अंगात अजून कामाचा डगला, त्याच्या बाहीला टोमॅटोचे डाग. पळतापळताच तो ओरडला, "पॅड दे रे कोणीतरी."

पुढच्या बॉलला सर्फराजच्या जोडीदाराने बॅट उंच फिरवली आणि तो आऊट झाला. फारूक एकाच पायाला पॅड बांधून आत गेला. पहिला बॉल त्याने पिकअपवर घातला. दुसरा त्याहून लांब. खारवडेचा स्पीकर बंद पडला. बानूबीने काठी रेतीवर आपटली आणि तोंडावर हात ठेवला, कारण आतून जो आवाज येत होता तो तिच्या वयाला शोभणारा नव्हता. मग सर्फराजनेही पुढचा पाय बाजूला काढला आणि बॉल बाउंड्रीपलीकडे भिरकावला, तसाच, पाच वर्षांपूर्वीसारखा. सव्वादोन ओव्हरीत बेचाळीस धावा झाल्या. एकूण एकसष्ट.

"एकसष्ट पुष्कळ आहेत?" इक्राने विचारलं.

"या चटईवर लढता येतं," बानूबी म्हणाली. तिने चहा मागितला आणि तो संपवला.

आता मैदानात हिरवे अकरा होते. तिने तेही मोजले. पण दव उडून गेलं होतं, ऊन वर आलं होतं, बॉल सरळ येत होता, आणि चार जण रात्रभराचे जागे होते. फारूकने दोन विकेटी काढल्या. तिसरी निघाली असती, कॅच उंच गेला होता, खाली वफ्राचाच एक पोरगा उभा होता. त्याने हात वर केले, डोळे चोळले, आणि बॉल त्याच्या बोटांतून निसटून छातीवर आदळला. बानूबीने त्याला शिवी दिली नाही. दहाव्या ओव्हरीच्या शेवटच्या बॉलला खारवडेने मॅच संपवली.

माणसं एकमेकांना हात मिळवत होती. खिळे उपटून चटई गुंडाळली जात होती. खारवडेचा कॅप्टन फारूकला घरी बिर्याणीला बोलवत होता आणि फारूक म्हणत होता, आधी झोपू दे. इक्राने गाडीची चावी हातात घेतली, पण बानूबी खुर्चीवरून हलली नाही.

सर्फराज स्वतःच आला. केसांत रेती, ओठ फुटलेले. तो रेतीत तिच्या पायाशी उकिडवा बसला आणि पॅडचे पट्टे सोडू लागला.

"गेलं, चाची. नाव गेलं आपलं."

"बघितलं मी."

"गुडघा कसा आहे?"

"माझा गुडघा राहू दे. मला का नाय सांगितलंस?"

त्याने एक पट्टा सोडला, दुसरा सोडला. पॅड रेतीवर आडवं ठेवलं.

"सांगितलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस."

"मग?"

"मग काय राहिलं असतं?" तो वर न बघता बोलत होता. "मी दर शुक्रवारी ग्रुपवर स्कोअर टाकतो. चारशे माणसांतला एक जण अंगठा दाखवत नाय. गावात आता कोणाला पडलंय, इथे कोण हरलं नि कोण जिंकलं. पण तुझा मेसेज आला की सगळे ऐकतात. दुपारी माझा धाकटा भाऊ फोन करून विचारतो, आज कासव कितीवर गेलं. शाळेतली पोरं त्याला विचारतात. आपली टीम आहे, हे त्यांना तुझ्यामुळे ठाऊक होतं." तो जरासा हसला. "माझी टुकटुक बघायला कोणी येत नाय, चाची. तुझ्या शिव्या ऐकायला यायचे."

इक्रा गाडीकडे तोंड करून उभी राहिली.

बानूबीच्या मांडीवरचा मोबाईल थरथरला. मग पुन्हा. ग्रुपवर लोक विचारू लागले होते, आज बानूबी गप्प का. तिने वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. तिने मोबाईल पालथा केला. मग वाकली, जेवढं वाकता आलं तेवढं, आणि ओढणीच्या टोकाने सर्फराजच्या कपाळावरची रेती पुसली. जोरात पुसली, लहानपणी शेंबूड पुसायची तशी. त्याने डोळे मिटून घेतले.

"सर्फराज," ती म्हणाली, "तू खेळलास ते सगळं माफ. मला इतकं बोलू दिलंस, ते मी माफ करायची नाय."