पिवळा तळहात

लातूर नुकता नवा जिल्हा झाला होता, बहुतेक विहिरी आटल्या होत्या आणि उदगीरजवळच्या आमच्या गावात दहावीच्या विज्ञानाचा निकाल एक स्वामी परीक्षेआधीच सांगत होता. मठापुढे ही गर्दी! पोराच्या तळहाताला हळद माखायची, स्वामींनी पिशवीतून भस्माचा ओला गोळा काढून तिच्यावर घासायचा. हात लाल झाला की सरस्वती पावली. पिवळाच राहिला तर विज्ञान नशिबात नाही.

विज्ञान शिकवणारा मी. माझा नुसता जळफळाट होत होता. माझ्या तासाला डुलक्या घेणारी पोरं हात लाल होताच पुस्तकाला चिकटत, चाचणीत वर येत आणि हार मात्र स्वामींच्या गळ्यात पडत.

वर्गात पहिली येणाऱ्या शिवकन्येचा हात पिवळा राहिला. तिनं प्रश्न विचारणं सोडलं, चाचणीत कोरा कागद दिला आणि मग शाळेत यायचीच थांबली.

मी घरी गेलो तेव्हा तिचे वडील चन्नबसप्पा पान लावत होते. "तिच्या हाती इज्ञान न्हाई म्हनले सामी. सोयरीक बघायलोय, सर."

मी शिवकन्येला तळहाताला हळद माखायला सांगितली आणि तिच्यावर पानाचा चुना घासायला लावला. हात लालभडक झाला.

ती हाताकडे बघतच राहिली. "म्हंजे त्या भस्मात चुना हाय?"

"एका गोळ्यात. दुसऱ्यात फळ्याचा खडू असणार. चुना कुणाच्या वाट्याला येतो, ते बघ."

चन्नबसप्पांचा पान लावता हात थांबला. "ज्यांच्या हिरीला पानी हाय, त्यांच्या. मठात घागरी तेच पोचवतेत."

रोज कपाळी लावायचं भस्म, त्यावर संशय कोण घेणार? दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पांनीच घेतला. स्वामी "पाप लागेल" म्हणत असताना त्यांनी पिशवीत लपवलेला चुन्याचा गोळा काढून भर गर्दीत लेकीच्या हळदीच्या हातावर घासला. हात लाल झाला. संध्याकाळच्या एसटीनं स्वामी पसार.

तरी माझा मत्सर पुरता गेला नाही. लाल हाताची पोरं खरंच सुधारली होती. चुन्यानं नव्हे, तर 'तुला जमेल' असं कुणीतरी म्हटल्यानं. स्वामींचं तेवढं वाक्य मी ठेवून घेतलं. आईबापांनो, तुम्हीही ते पोरांना सांगा, आणि त्यांचे हात दाखवत फिरण्यापेक्षा त्यांना हातानं करून बघू द्या.

सोमवारी शिवकन्या वर्गात आली. तिनं हात वर केला.

"सर, त्या लाल हातावर चिंच लावली तर परत पिवळं होईल का?"

"लावून बघ," मी म्हणालो.