सुलोचनाबाईंच्या बाजूचा टायर

मी टायर आहे. पण कसला, ते आधी सांगतो. मी मोटारकारचा, माणसं वाहणारा. अंगाने नरम, स्वभावाने त्याहून नरम. माझ्या कुशीवर ओझ्याची मर्यादा कोरलेली आहे, पण ती वाचायला वाकतो कोण?

सौंदडच्या हिरालालच्या पिकअपचे चारही टायर गुळगुळीत झाले होते आणि सोमवारी अकराला त्याच्या मुलीची, दामिनीची, गोंदियाच्या दवाखान्यात नर्सची मुलाखत होती. म्हणून नवराबायको दुकानात आले.

"मले धान वाहाचा हाय, कडक टायर द्या," हिरालाल म्हणाला.

"अन् माही कंबर?" सुलोचनाबाई कडाडल्या. "पोरीसंगं मी येऊन राहिली ना! नरम द्या जी."

तासभर जुंपली. शेवटी तह झाला: उजवीकडे हिरालाल बसतो, तिकडचे दोन कडक, डावीकडे सुलोचनाबाई, तिकडचे दोन नरम. दुकानदार दुर्गाप्रसाद कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे भैया, ऐसा कोई करता है क्या? चारही एकसारखे घ्या!" ऐकतो कोण? मी मागच्या डाव्या चाकावर चढलो.

सोमवारी दामिनी मधे बसली, म्हणजे अर्धी नरम, अर्धी कडक. रिकामी गाडी गोंदियाला नेणं हिरालालला अपशकुन वाटे, म्हणून त्याने धानाची तीस पोती भरली. सगळी उजवीकडे! कडक टायर तिकडेच होते ना.

गाडी अशी कलली की मायलेकी घसरत हिरालालच्या अंगावर आल्या. त्याला स्टेअरिंग वळवता येईना. वैतागून त्याने गाडी थांबवली आणि पंधरा पोती डावीकडे टाकली. माझ्या कुशीवरची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. गोरेगावच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि मी फुटलो.

"पाह्य, तुह्याच बाजूचा फुटला!"

"पोती कोणाची होती जी?"

"भांडत राहा तुमी," दामिनी म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून जॅक घेऊन वाकली. माझ्या बाजूची पोती उतरवली, उरलेली मधे सारली, मला काढून कडेला ठेवलं आणि जुनी स्टेपनी लावली. दहा वाजून गेले होते, पोती परत चढवायला वेळ नव्हता. सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी राखतो धान. तुमी पळा." बापलेक गेले.

पोती टोचतात म्हणून त्या माझ्यावर बसल्या. फुटलो असलो तरी नरम होतो. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. हातात फोन असूनही जाणाऱ्या प्रत्येकाला त्या वेळ विचारत होत्या. मला त्यांची माया आली. एवढंच वजन तर मला हवं होतं!

दोन वाजता फोन वाजला. "आई, लागली नोकरी! मॅडमनं विचारलं, हात काऊन काळे? मी सारं सांगितलं. त्या हसतच राहिल्या."

सुलोचनाबाई माझ्यावरच बसून रडल्या.

आता मी त्यांच्या अंगणात असतो. दुपारी त्या माझ्यावर गोधडी टाकून तांदूळ निवडतात. माझं बरं चाललंय. तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, पण टायर घेताना जरा वाका आणि आमची कूस वाचा. नवराबायकोचा तह गाडीला कळत नाही.

हिरालालने पिकअपला चारही टायर कडक घेतले. सुलोचनाबाई मात्र दामिनीकडे आगगाडीनेच जातात. परवा हिरालालही गाडीची किल्ली खुंटीला अडकवून मुकाट्याने त्यांच्यामागे स्टेशनकडे निघाला.

"काऊन जी?" त्यांनी विचारलं.

"कंबर दुखून राहिली," तो म्हणाला.