साडेअकरा किलोच्या विमानाची बॅटरी

आभाळ जिंकायची ओढ माणसाला अनादी काळापासून आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती फक्त सोमवारी असते, कारण सोमवारी कारखान्यांना सुट्टी.

असे सोमवार गोळा करून गणपती मिस्त्रीनं अडीच वर्षांत दहा फूट पंखांचं विमान बांधलं. रिमोटवर उडणारं, माणूस खाली उभा राहणार आणि विमान वर जाणार, अशी कामाची वाटणी. गणपती हंबीररावांच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा लाकडी नमुना आधी तो करायचा. मग नमुन्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात रस ओतायचा. तीस वर्षं हे काम केलं की एक सवय लागते. प्रत्येक माप तीन मिलिमीटर जास्त धरायचं, कारण ओतलेला भाग पुढं लेथवर जातो आणि तिथं घासायला काहीतरी शिल्लक असावं लागतं. विमान कुणी लेथवर घासत नाही, हे गणपतीला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. नकाशाप्रमाणं आठ किलो व्हायचं विमान साडेअकरा किलो भरलं.

"भक्कम झालंय," हंबीरराव म्हणाले. फौंड्रीत ही स्तुती समजतात.

इंजिन गवत कापायच्या मशीनचं होतं. त्याची काळजी कुणालाच नव्हती. इंजिन हा विषय उद्यमनगरात पाळण्यातच उरकलेला असतो. काळजी होती सर्व्होची आणि बॅटरीची. सर्व्हो म्हणजे मोटर भरलेली एक डबी. खाली रिमोटची दांडी जेवढी हलवाल तेवढीच ही वर विमानात हलते आणि पंखाची किंवा शेपटाची फळी वळवते. बॅटरी बसली की डब्या बसल्या, आणि डब्या बसल्या की विमान कुणाचं ऐकत नाही.

गणपतीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. २००० सालच्या उन्हाळ्यात कळंब्याला त्याचं पहिलं, चार फुटी विमान वळायला लागलं ते वळतच राहिलं आणि उसात शिरलं. ते पोत्यात भरून त्यानं घरी आणलं. पुढं वर्षभर चहाच्या गाड्यावर लोक विचारायचे, "काय मिस्त्री, ऊसतोडीला कधी जायचं?" ते त्यानं सोसलं. पण हे दुसरं पडलं तर पुन्हा विमान या विषयाला हात लावायचा नाही, असं त्यानं घरी जाहीर केलं होतं.

"लिहून द्या," बायको बायडाबाई म्हणाली.

म्हणून बॅटरीच्या निवडीसाठी हंबीररावांनी जयसिंगपूरहून आपली भाची संयोगिता बोलावून घेतली. ती तिकडं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सोमवारी सकाळी ती फौंड्रीत आली, विमानाभोवती एक फेरी मारली आणि गणपतीला विचारलं, "मागचं पडलं त्याच्या आधी बॅटरी तपासली होती का, काका?"

"तपासली की. मीटर लावून. फुल होती."

"बॅटरीला काही काम लावून तपासली, का नुसतीच?"

"नुसतीच."

"नुसती असली की फुलच दाखवते. काम पडलं की खरं कळतं."

हंबीरराव म्हणाले, "आमच्या सुपरवायजरागत की. खुर्चीत बसला की बारा व्होल्ट."

मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. कोपऱ्यातली मोपेडची बॅटरी उचलून विमानाशेजारी ठेवली. "ही घाला. तीन वर्षं झाली, एक दिवस दगा दिला न्हाय."

"मामा, अडीच किलोची आहे. एवढं वजन वर न्यायचं तर पंख मोठे लागतील. पंख मोठे झाले की ते वळवायला सर्व्हो मोठे लागतील. सर्व्हो मोठे झाले की ते खाणार जास्त, मग बॅटरी आणखी मोठी."

"आणि मग?"

"मग ट्रक."

हंबीररावांनी बॅटरी परत कोपऱ्यात ठेवली.

संयोगितानं पिशवीतून मुंबईहून मागवलेला सर्व्हो काढला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, हातात घेतला तर वजन म्हणावं असं काही नाही. गणपतीनं तो तळहातावर ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. साडेअकरा किलोचा जीव या डबीच्या भरवशावर सोडायचा होता.

"एक सेंटिमीटरच्या दांडीवर नऊ किलो उचलतो," ती म्हणाली.

"छापलेलं असतंय तसं," हंबीरराव म्हणाले. "आमच्या लोखंडावर पण लई काय काय छापतो आम्ही."

उद्यमनगरात छापील गोष्टीवर कुणी भांडत नाही, वजन लावतात. गणपतीनं सर्व्हो व्हाइसच्या पकडीत आवळून धरला, दांडीला तार अडकवली आणि तारेला वजनं लावली. आधी दोन किलो. संयोगितानं रिमोटची दांडी हलवली, वजन उचललं. मग पाच. मग सात. तारेला वजनं लावताना गणपतीचे हात हळू होत गेले. नऊ किलो लावून तो गुडघ्यावर बसला आणि डोळा डबीजवळ नेला.

बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. नऊ किलो लोखंड जमिनीपासून सुटलं, बोटभर वर गेलं आणि तिथंच थांबलं. हललं नाही. डबी तेवढीच होती, काळी, काडेपेटीएवढी.

हंबीररावांनी टोपी काढून हातात घेतली. एरवी ती नव्या भट्टीतून पहिला रस पडताना निघायची, तीही बायकोनं आठवण केली तर.

"ह्याच्या आत काय हाय गा?" ते हळूच म्हणाले.

"चार चाकं आणि एक मोटर," संयोगिता म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

गणपतीनं आयुष्यभर यंत्रांची लाकडी रूपं केली होती. एखाद्या गोष्टीत जोर असला की ती जड असते, असा त्याचा हिशेब. तो हिशेब आता बोटभर वर लोंबकळत होता. त्यानं वजनाला हळूच बोट लावून बघितलं, खालून कुणी धरलंय की काय असं.

सर्व्हो ठरले. सहा, नऊ-नऊ किलोचे. बॅटरीसाठी मात्र गणपतीनं वजनाचा विषयच काढू दिला नाही. टॉर्चच्या सेलएवढे जाड, पुन्हा चार्ज होणारे सेल. पाच-पाचांचे दोन जुडगे. एक मेला तर दुसरा हजर.

"एक जुडगा पुरेल, काका."

"पुरंल. मागच्या वेळी पण पुरणार होता."

जुडगे विमानात बसवले, रात्रभर चार्ज केले, आणि दुसऱ्या सोमवारी काम लावून तपासणी झाली. सहाही फळ्यांना वजनं बांधली आणि फळ्या सारख्या हलत्या ठेवल्या. गणपती स्टुलावर बसला. विमान जमिनीवर होतं, पण पंख, शेपूट सगळं हालत होतं; झोपेत धावणाऱ्या कुत्र्यासारखं. पहिला तास गेला, दुसरा गेला. चहा आला आणि गार झाला. बायडाबाई डबा घेऊन आली, तीही बघत उभी राहिली. तिसऱ्या तासाला ती म्हणाली, "दमत न्हाय व्हय हे?"

चार तास दहा मिनिटांनी फळ्या मंदावल्या. गणपती उठला आणि प्रथमच हसला.

जुडगे पुन्हा चार्ज केले. उड्डाणाला कोडोलीच्या पुढचा माळ निवडला, कारण तिथं ऊस नव्हता. बायडाबाईनं पोतं आणलं होतं. "असू द्या," म्हणाली.

विमान धावलं, त्यानं उड्या मारल्या, आणि साडेअकरा किलो लाकूड जमिनीला विसरून वर गेलं. गणपतीचे अंगठे दांड्यांवर होते. त्यानं दांडी उजवीकडं केसभर हलवली. तिकडं वर, आभाळात, दहा फुटांचे पंख तेवढेच कलले. त्यानं डावीकडं हलवली, पंखही डावीकडं. सावली माळावरून धावत आली, सगळ्यांच्या अंगावरून गेली, आणि हंबीरराव नकळत खाली वाकले. बायडाबाईच्या हातातलं पोतं कधी सुटलं ते तिला कळलं नाही. गणपतीला वाटत होतं, हात लांब झालाय; पार वर गेलाय, ढगाला लागेल.

तेवढ्यात वरचा आवाज बंद पडला.

माळावर एकदम वारा ऐकू आला. गणपतीच्या मनात एकच आलं: बॅटरी. त्यानं दांडी हलवली, ती हलवायची म्हणून; कळंब्याला पण हलवली होती. विमान वळलं. पुन्हा हलवली. पुन्हा वळलं, शहाण्या जनावरासारखं. मग तो त्या मुक्या विमानाला फेऱ्या मारायला लावत खाली आणत राहिला. ते गवतावर टेकलं, थोडं घसरलं आणि थांबलं. अख्खं.

हंबीरराव धापा टाकत पोचले. "बॅटरी गेली?"

संयोगितानं बॅटरीला काम म्हणून एक बल्ब जोडला आणि मीटर बघितलं. "भरलेली आहे. अजून चार तास चालेल."

"मग बंद का पडलं?"

गणपतीनं इंजिनमागचं झाकण काढलं. आत पेट्रोलची टाकी होती, शांपूच्या बाटलीची. ती रिकामी होती. त्यात पेट्रोल बारा मिनिटांचं मावत होतं.