दीड पेराचं बोट

नववीच्या वर्गात त्या मुलीला सगळे खडू म्हणत. बाप गिलावा करणारा गवंडी, आणि सुट्टीच्या दिवशी पोर त्याच्या हाताखाली. तिच्या नखांतला पांढरा चुरा काही केल्या निघत नसे. ती चिडत नसे. खडूशिवाय फळा नुसता काळाच, म्हणायची.

त्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी प्रकल्प दिला होता : घरातलं एक माणूस दाखवा, पण चेहरा न काढता. कुणी तार वाकवून आईचं शिलाई मशीन केलं, कुणी पुठ्ठ्यातून मामाची वाकलेली पाठ. खडूने बापाचा उजवा हात घेतला. मोडलेल्या हाडाला बांधतात तसल्या प्लास्टरच्या पट्ट्या तिने तेल चोपडलेल्या हातावर चढवल्या आणि त्याला हलू दिलं नाही. हाडवैद्याकडे न जाताच हात बांधून घेणारा मी पहिलाच, असं बाप म्हणाला. पट्ट्यांचा साचा सुटला, आत प्लास्टर ओतलं, साचा फोडला. हात जसाच्या तसा उतरला. तळव्यावरच्या भेगा, दबलेलं नख, आणि अंगठ्याशेजारचं दीड पेराचं बोट. उरलेलं दीड पेर, खडू पाळण्यात होती तेव्हाच, माल कालवायच्या यंत्राच्या पट्ट्यात गेलं होतं.

प्रदर्शनाला पालकांना बोलावणं होतं. आजवर बाप शाळेची पायरी चढला नव्हता. चार अक्षरं धड वाचता येत नाहीत, तिथे जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्याचं म्हणणं. पण या खेपेस हातच तिथे जाऊन बसला होता, तेव्हा त्याने मुकादमाकडून अर्धा दिवस मागून घेतला. खडूला मार्कांचं काही नव्हतं. बापाने आपला हात चारचौघांत टेबलावर ठेवलेला बघावा, एवढंच तिला हवं होतं.

आता त्या शाळेत एक रीत होती. प्रदर्शनाआधी दोन दिवस चित्रकलेची खोली बंद राही आणि सर सगळ्या कामांवरून शेवटचा हात फिरवत. रंग उजळ करायचे, कडा घासायच्या. गेल्या वर्षी एकीचं गाढव आत गेलं आणि घोडा होऊन बाहेर आलं. त्याला बक्षीसही मिळालं. कुणी तक्रार केली नव्हती. सर मनाने वाईट नव्हते. मुलांचं काम चांगलं दिसावं म्हणून घरचा वेळ मोडत, आणि तेच तर वाईट होतं, कारण भल्या माणसाला कोण बोलणार?

प्रदर्शनाच्या सकाळी खडू दालनात शिरली आणि टेबलापाशी थबकली. बापाच्या हाताला पाच बोटं पुरी होती. नवं बोट सरळ, गोंडस, टोकाला बदामासारखं नख. भेगा बुजवलेल्या, वरून गुलाबी रंग. एखाद्या शेटजीचा हात असावा तसा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर मात्र खुशीत होते. अगं, साचा काढताना तुझं बोट तुटलं होतं, रात्रभर बसून जोडलंय बघ, असं म्हणून ते आभारांची वाट बघत उभे राहिले.

"तुटलं नव्हतं, सर. ते तेवढंच आहे."

सर क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, असो, पण बघणाऱ्याला काय कळणार, ते मोडकं काम म्हणतील. आहे हेच राहू दे, चांगलं दिसतंय.

कोरडा गिलावा तहानलेला असतो, हे खडूला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. त्यावर पाणी न मारता ओला माल चढवला, की जुना थर नव्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि नवा धरतच नाही. तिने अंगठा टेकवला, जरा रेटा दिला. गुलाबी बोट खपलीसारखं निघून टेबलावर पडलं.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून यादीतलं तिचं नाव खोडलं. मोडक्या वस्तू आम्ही मांडत नाही, म्हणाले. चोर तो चोर आणि वर शिरजोर, खडूच्या मनात आलं.

खडू हात पोटाशी धरून बाहेर बाकावर बसली आणि पाटीच्या तुकड्याने गुलाबी रंग खरवडू लागली. बाप आला तेव्हा भेगा निम्म्या मोकळ्या झाल्या होत्या. तिने सगळं सांगितलं. दारात उभ्या असलेल्या सरांनीही आपली बाजू सांगितली, की मला वाटलं तुटलं.

"तुटलंच होतं," बाप म्हणाला. "पण तिच्या हातून नाही. मला विचारायचं होतंत, सर."

मग आयुष्यभराच्या सवयीने तो मागे सरला. चल पोरी, बघितला मी, झालं, म्हणाला. मोठ्या माणसांशी वाद कशाला.

"तुम्ही बघितलात, बाबा. त्यांनी कुठे बघितलाय?"

ती उठली. आत परीक्षक दोघे टेबलाजवळ पोचले होते, पालकांची गर्दी होती. शिलाई मशीन आणि मामाची पाठ यांच्यामध्ये रिकाम्या जागी तिने हात ठेवला. अर्धा गुलाबी, अर्धा पांढरा, दीड पेराचं बोट लोकांकडे करून. परीक्षक यादीत शोधू लागले. सर लगबगीने आले आणि उचलायला वाकले.

"त्याला हात लावू नका," खडू म्हणाली.

आवाज चढला नव्हता. पण दालनातली कुजबुज थांबली. सर वाकलेले तसेच राहिले, आणि दारातला बाप एकेक पाऊल टाकत टेबलाकडे यायला लागला.