साहेबांच्या टेबलापुढची डावी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला फार राग आलेला आहे. खुर्चीने कसलं रागवायचं, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या जागी तुम्ही असता, तर एव्हाना चार शिव्या हासडल्या असत्या. मी चांगल्या सुताराच्या हातची आहे, म्हणून नुसतं बोलते आहे.

माझा जन्म बसडेपोच्या मागच्या सुतारखोलीत झाला. म्हाताऱ्या सुताराने मला घासून गुळगुळीत केलं, स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही." सुरुवातीची वर्षं मी चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत काढली. लांबचा फेरा करून आलेले चालक धपकन बसायचे, पाय पसरायचे, चहा प्यायचे. माझ्यावर कोण बसणार यावरून भांडणंसुद्धा व्हायची. पण त्या खोलीची फरशी रोज बादल्या ओतून धुतली जायची. त्या पाण्याने माझा मागचा एक पाय खालून कुजला. कुणीतरी कुजलेला तुकडा कापून टाकला आणि मला तसंच ठेवलं. लंगड्या खुर्चीवर चालक कशाला बसतील? मग मला उचलून डेपोच्या साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवलं.

तिथे नवे चालक निवडले जात. टेबलापुढे आम्ही दोघी होतो. उजवीकडे हातांची, गादीची खुर्ची आणि डावीकडे मी. साहेबांची पद्धत अशी, की उमेदवाराला आधी समोर बसवायचं, चार प्रश्न विचारायचे आणि माणूस पसंत पडला तरच गाडीवर चाचणीला पाठवायचं. म्हणजे गाडी चालवता येते की नाही, हे खुर्चीवर ठरायचं. "ज्याला धड बसता येत नाही, तो बस काय सांभाळणार?" असं ते कारकूनबाईंना सांगायचे. "माणूस मी बघताक्षणी ओळखतो," असंही सांगायचे.

ओळखतो कसला, डोंबल. आत येणाऱ्याचे बूट चकचकीत असले, बोलणं साहेबांसारखं असलं, की साहेबांचा हात आपोआप उजव्या खुर्चीकडे जायचा. "या, बसा." चपला धुळीने भरलेल्या असल्या, बोलण्याचा हेल वेगळा असला, गालावर व्रण असला किंवा आलेली बाई असली, की तोच हात माझ्याकडे वळायचा. साहेबांना याचा पत्ताही नव्हता. कुणी विचारलं असतं, तर त्यांनी शपथेवर नाही म्हटलं असतं. मग माझ्यावर बसलेला माणूस डुगडुगायचा, टेबलाची कड धरायचा आणि साहेब मागाहून मान हलवायचे. "घाबरट आहे. मनात काहीतरी काळंबेरं असणार."

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, सांगू? साहेब वाईट माणूस नाहीत. कुणाची आई आजारी पडली, तर मागायच्या आधी रजा देतात. आवारातल्या लंगड्या कुत्रीला स्वतःच्या डब्यातलं घालतात. ते दुष्ट असते, तर लोक निदान सावध तरी राहिले असते.

एक दिवस टँकरवाली बाई आली. बरीच वर्षं पाण्याचा टँकर चालवून तिने घर पोसलं होतं. आता मालक टँकर विकणार होता. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुली शाळेत. ही नोकरी मिळाली नाही, तर पुढे काय, हे तिलाच ठाऊक नव्हतं. साहेबांचा हात अर्थातच डावीकडे गेला. ती बसली आणि एका अंगाला कलली. लांबच्या उतारावर ब्रेक तापले तर काय कराल, असं साहेबांनी विचारलं. तिने उत्तर बिनचूक दिलं, पण साहेबांचं लक्ष टेबलाची कड धरलेल्या तिच्या बोटांकडे होतं.

"बाई, तुम्ही फार अस्वस्थ दिसता. बसमध्ये माणसं असतात, पाणी नव्हे."

"साहेब, खुर्चीचा पाय आखूड आहे."

साहेब हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"मग तुम्हीच बसून बघा ना."

कारकूनबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेब उठून आले आणि रुबाबात बसले. मी मनापासून डुगडुगले. साहेब कलंडले, त्यांनी घाईघाईने टेबलाची कड धरली आणि ओरडले, "कसली भिकार खुर्ची आहे ही! दुरुस्तीला टाका आधी."

ऐकलंत ना, मित्रांनो? ती डुगडुगली तेव्हा ती अस्वस्थ. साहेब डुगडुगले तेव्हा खुर्ची भिकार.

तिला पुढच्या भरतीला यायला सांगितलं. मला नवा पाय बसला. तोवर टँकर विकला गेला होता आणि ती बाजारात मिळेल ते ओझं उचलत होती. पुन्हा आली तेव्हा साहेबांचा हात पुन्हा माझ्याकडेच वळला. ती बसली आणि मी तसूभर हलले नाही. ताठ बसून तिने सगळी उत्तरं दिली. ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "फारच ताठ बसते हो. अंगात गुर्मी दिसते."

कारकूनबाई सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "साहेब, मागे ती हलली म्हणून नको होती. आता हलत नाही म्हणून नको. तिने बसायचं तरी कसं?"

साहेबांचे कान लाल झाले. तिचा अर्ज पुढे सरकवत ते म्हणाले, "पाठवा तिला गाडीवर."

खिडकीतून मला आवार दिसतं. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिने लांबलचक बस एका दमात मागे घेतली. हात पुसत बाहेर आलेले मेकॅनिक बघतच राहिले. तिला नोकरी मिळाली.

शेवट गोड झाला, असं म्हणू नका. परवा वरच्या कचेरीतले पाहुणे तिची तारीफ करत होते. साहेब मागे रेलले आणि म्हणाले, "मी पहिल्या नजरेतच ओळखलं होतं." आणि त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

मला पॉलिश नको, मित्रांनो, नवा रंगही नको. तुमच्या वर्गात नवीन मुलगी येईल, शेजारी नवं कुटुंब येईल, आणि तुमच्या मनात पटकन येईल, 'ही असलीच.' तेव्हा आपण तिला कुठे बसवलंय, ते आधी वाकून बघा. टँकरवालीच्या आधी माझ्यावरून कितीतरी जण मान खाली घालून उठून गेले. त्यांच्या हाती कुणी कधी स्टिअरिंग दिलंच नाही. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं समजून ते घरी गेले असतील. त्यांतलं कुणी तुम्हाला भेटलं, तर एवढं सांगा: त्या दिवशी तुम्ही हलत नव्हता, मी हलत होते.