पोटातला खिळा

"निघाला! खिळा निघाला!"

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मांत्रिक बाबाने मुलीच्या पोटाला तोंड लावून चोखलं आणि तळहातावर काळा खिळा थुंकला. "करणी आहे करणी! बड्या बड्या डॉक्टरांना दिसत नाही, ते मला वासावरून कळतं! आता दोन दिवस नुसतं पाणी. गोळ्या केरात!"

आणि काय सांगावं, दोन दिवसांत कळ ओसरली! इस्त्रीचं दुकान बंद ठेवून आई येईल त्याला खिळा दाखवत बसली.

तिसऱ्या दिवशी पोरीला फिटचा झटका आला. तिच्या जुन्या झटक्यांवरची नवी गोळी तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाली होती. घाबरलेल्या आईने केरातून पाकीट काढून ती पुन्हा चालू केली. दुसऱ्याच दिवशी पोर गुडघे छातीशी घेऊन किंचाळायला लागली. कळ बेंबीच्या वरून थेट पाठीत जात होती, उलटी थांबत नव्हती.

"आई, मी मरणार का गं?"

पुन्हा बाबा, पुन्हा गर्दी. "दुसरा खिळा राहिलाय!" तासभर तोंडाचा पट्टा चालवणारा बाबा पोटावर वाकायच्या आधी मात्र एकदम गप्प झाला.

"बाबा, आधी चूळ भरा," आई म्हणाली. "मागच्या वेळी तुमच्या तंबाखूने पोट चरचरलं तिचं."

बाबाने नुसती मान हलवली. तिने तांब्या पुढे केला, तसा तो मागे सरकला.

"अहो, पाण्याला काय भ्यायचं?" तिने त्याचे गाल धरून दाबले. खिळा टणकन तांब्यात पडला.

आईने पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वादुपिंडाला सूज आलीय. क्वचित, अगदी क्वचित, या गोळीने असं होतं."

"पण मधे बरं वाटलं होतं हो तिला!"

"उपासाने स्वादुपिंडाला विसावा मिळाला आणि गोळीही बंद झाली. म्हणून कळ थांबली. पण ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, म्हणून झटका आला."

"म्हणजे पुन्हा मीच ती तिला दिली..." आई म्हणाली.

"गोळी मी लिहून दिली होती. पोट दुखलं तर लगेच या, हे सांगायला मी चुकले. आता गोळी बदलू. पण दोन दिवस कठीण आहेत."

दाराशी शेजारीण कुजबुजली, "वहिनी, तो भोंदू निघाला खरा. पण पलीकडे एक आहे, अगदी सच्चा..."

"सच्चा असो नाहीतर लबाड," आई रडत म्हणाली, "कधीपासून दुखतंय, त्याआधी काय पोटात गेलं, एवढं तरी विचारावं की नाही माणसाने? त्याने नाही विचारलं. आणि मी आई असून, मीही नाही."